शाळेत शिक्षकाने शस्त्र उचललं, तर अमेरिकेतला कायदा कुठपर्यंत साथ देतो?

टेक्सासमधल्या एका सरकारी मिडल स्कूलमध्ये विज्ञान शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न असा आहे: त्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे, राज्याचा हँडगन बाळगण्याचा परवाना आहे, आणि निवडक शिक्षकांना शस्त्र बाळगू द्यावं अशी चर्चा त्यांच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेत, सुरू आहे. उद्या कुणी बंदूक घेऊन शाळेत शिरलाच, तर त्यांना गोळी झाडता येईल का? हल्लेखोर पळाला तर? गोळी एखाद्या मुलाला लागली तर? आणि डिस्ट्रिक्टचा निर्णय होईपर्यंत पिस्तूल पर्समध्ये ठेवलं तर चालेल का?

मी टेक्सासमध्ये बरीच वर्षं फौजदारी बचावाचं काम करतो, आणि शाळा कर्मचाऱ्यांची प्रकरणं माझ्याकडे नेहमी येतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते थांबू शकत नाही: नाही, चालणार नाही. पर्समध्ये आज पिस्तूल असेल तर उद्यापासून ते घरी ठेवा.

या प्रश्नात दोन अधिकार एकमेकांत मिसळले आहेत. एक, समोर कुणी जिवावर उठला असताना त्याला मारण्याचा. दुसरा, त्यासाठी लागणारी बंदूक शाळेत जवळ बाळगण्याचा. पहिला टेक्सासमध्ये चांगलाच रुंद आहे. दुसरा अतिशय अरुंद आहे. माझ्याकडे येणारे शिक्षक पहिल्याची खात्री बाळगून असतात आणि दुसऱ्यात अडकतात. हल्ला वगैरे काही झालेलाच नसतो. कुणीतरी बॅग उघडलेली असते, बस्स.

शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी अमेरिकन संविधानाची दुसरी दुरुस्ती इथे कामाला येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या हेलर निकालात बंदूक बाळगण्याचा वैयक्तिक हक्क मान्य केला, पण त्याच निकालात शाळा आणि सरकारी इमारती यांसारख्या संवेदनशील जागांवरची बंदी वैध धरली. २०२२ च्या ब्रुएन निकालाने सार्वजनिक ठिकाणी शस्त्र बाळगण्याचा हक्क बराच पुढे नेला, तरी शाळांबाबतची ती ओळ तशीच राहिली. त्यामुळे ‘हा माझा घटनात्मक हक्क आहे’ हा युक्तिवाद शाळेच्या दारापाशी संपतो.

मग येतो केंद्राचा कायदा, गन-फ्री स्कूल झोन्स अ‍ॅक्ट, १९९०. सॅन अँटोनियोच्या एका हायस्कूलमध्ये बारावीतला मुलगा १९९२ साली पॉइंट ३८ चं रिव्हॉल्व्हर घेऊन आला. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९५ मध्ये लोपेझ निकालाने हा कायदा ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द झाला. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, आंतरराज्य व्यापाराशी संबंध जोडणारी अट घालून तो १९९६ मध्ये पुन्हा आणला आणि तो आजही लागू आहे. शाळेच्या आवारात आणि त्याभोवती १००० फुटांपर्यंत जाणूनबुजून बंदूक बाळगणं हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. यातून सुटण्याचे मार्ग मोजके: शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्याचा, पडताळणी करून दिलेला परवाना, शाळेशी झालेला करार, शाळेने मान्य केलेला कार्यक्रम, किंवा बंदूक रिकामी करून कुलूपबंद पेटीत ठेवणं.

टेक्सासने २०२१ पासून परवान्याशिवाय हँडगन बाळगायची मुभा दिली, आणि त्यातून इथे एक सापळा तयार झाला. परवाना न काढलेल्या शिक्षकाला वाटतं की आता परवान्याची गरजच उरली नाही. केंद्राच्या कायद्यातली सूट मात्र हातात परवाना असणाऱ्यालाच आहे. तुमच्याकडे तो आहे, हे चांगलं.

याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ज्याकडे वकीलही फारसे पाहत नाहीत. शाळेच्या क्षेत्रात गोळी झाडणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि त्याच्या अपवादांमध्ये राज्याचा परवाना नाही. करार आहे, शाळेने मान्य केलेला कार्यक्रम आहे, कर्तव्यावरचा पोलीस आहे. हल्लेखोराला थांबवणाऱ्या शिक्षिकेवर कुणी केंद्रीय वकील हे कलम लावेल असं मला वाटत नाही, आणि तशी भीती घालायचा माझा हेतूही नाही. पण कायद्याच्या डोळ्यांसमोर कोण आहे ते यातून दिसतं: शाळेने लेखी जबाबदारी दिलेली व्यक्ती. खिशात परवाना असलेली कोणीही व्यक्ती नव्हे.

टेक्सासचा स्वतःचा कायदाही हेच सांगतो. दंड संहितेच्या ४६.०३ कलमाखाली शाळेत बंदूक नेणं ही थर्ड डिग्री फेलनी, म्हणजे गंभीर गुन्ह्यांची तिसरी श्रेणी, आहे: दोन ते दहा वर्षं कैद आणि १०,००० डॉलरपर्यंत दंड. शाळेची बस आणि जिथे शाळेचा कार्यक्रम चालू आहे ते शाळेचं मैदानही यात येतं. अपवाद एकच महत्त्वाचा, शाळेचे लेखी नियम किंवा लेखी परवानगी. मुख्याध्यापक हळूच ‘असू द्या, मी पाहिलं नाही’ म्हणाले, तर ती परवानगी नव्हे. चांगल्या मनाने दिलेला असा शब्द कोर्टात कुणाच्याही उपयोगी पडत नाही, आणि तो देणारी व्यक्ती तेव्हा तो आठवतही नाही. मुभा आहे ती पार्किंगपुरती: परवानाधारक कर्मचाऱ्याला स्वतःच्या कुलूपबंद गाडीत, बाहेरून दिसणार नाही असं शस्त्र ठेवायला डिस्ट्रिक्ट मनाई करू शकत नाही.

इथे आपल्या लोकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. भारतातून जे-१ किंवा एच-१बी व्हिसावर आलेले अनेक शिक्षक इथल्या सरकारी शाळांत आहेत. अशा नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर असलेल्या व्यक्तीने बंदूक बाळगणं हाच केंद्रीय गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना असणं वगैरे काही अपवाद आहेत, पण शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत जाऊ शकते. अशा व्यक्तीला डिस्ट्रिक्टने लेखी परवानगी दिली तरी ती निरर्थक आहे. ग्रीन कार्डवर ही बंदी नाही, पण बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर हद्दपारीची कारवाई होऊ शकते. नागरिक असलेल्या सहकाऱ्याला ४६.०३ खाली जेवढं नुकसान होईल, त्यापेक्षा तुमचं कितीतरी मोठं होईल. म्हणून पर्सबद्दल मी इतकं ठामपणे सांगितलं.

आता परवानगी मिळण्याच्या वाटा. टेक्सासमध्ये त्या दोन आहेत. पहिली स्कूल मार्शलची, म्हणजे शस्त्र बाळगण्यासाठी खास नेमलेल्या शाळेच्याच कर्मचाऱ्याची, २०१३ च्या कायद्याने आलेली. ८० तासांचं प्रशिक्षण, मानसशास्त्रीय चाचणी, राज्याच्या पोलीस प्रशिक्षण आयोगाचा परवाना, आणि नाव गोपनीय. दुसरी गार्डियन प्लॅनची: स्कूल बोर्ड ४६.०३ मधल्या लेखी परवानगीच्या अपवादाचा आधार घेऊन निवडक कर्मचाऱ्यांना मुभा देतं. उत्तर टेक्सासमधल्या हॅरल्ड या छोट्या डिस्ट्रिक्टने २००७ मध्ये ती सुरू केली. टेक्सासमधल्याच युवाल्डीत एका प्राथमिक शाळेतल्या गोळीबारात २४ मे २०२२ रोजी १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या, त्यानंतर २०२३ मध्ये विधिमंडळाने प्रत्येक शाळेत एक सशस्त्र अधिकारी असलाच पाहिजे असं ठरवलं. माणसं किंवा पैसे अपुरे पडणाऱ्या डिस्ट्रिक्टना पर्याय म्हणून मार्शल किंवा प्रशिक्षित कर्मचारी नेमता येतात. तुमच्याकडची चर्चा बहुधा त्यातूनच आली असावी.

या दोन वाटांपैकी तुमचं बोर्ड कोणती धरतं, यावर तुमची कायदेशीर स्थिती पुष्कळ बदलते. सर्वसाधारण नागरिकासाठी टेक्सासचा नियम असा, की साधं बळ वापरणं जिथे समर्थनीय आहे, तिथे केवळ वचक बसावा म्हणून शस्त्र दाखवणं हे प्राणघातक बळ धरलं जात नाही. मार्शलसाठी उंबरठा वर आहे: प्राणघातक बळ समर्थनीय ठरेल अशीच परिस्थिती असेल, तरच त्याने हँडगनला हात लावायचा. म्हणजे मारामारी करणाऱ्या दोन मुलांना ‘थांबवण्यासाठी’ पिस्तूल काढणारा मार्शल त्या क्षणीच आपल्या अधिकाराबाहेर गेला. शिवाय शिक्षण संहितेच्या ३७.१२५ कलमाप्रमाणे घबराट किंवा इजा करण्याच्या हेतूने शाळेत बंदूक दाखवणं, किंवा दाखवण्याची धमकी देणं, हाही फेलनी गुन्हा ठरू शकतो.

यावर थोडं थांबतो, कारण शिक्षकाच्या वाट्याला येणारा प्रसंग बहुधा हाच असतो. मुखवटा घातलेला अनोळखी हल्लेखोर फार क्वचित येतो. वर्गातला, नाव माहीत असलेला, चिडलेला मुलगा अधिक वेळा येतो. त्याने खुर्ची उचललीय, कदाचित खिशातून चाकू काढलाय. शिस्त राखण्यासाठी शिक्षकाला बळ वापरण्याची मुभा टेक्सासच्या ९.६२ कलमात आहे, आणि त्याच वाक्यात प्राणघातक बळ वगळलेलं आहे. शिस्तीच्या नावाखाली बंदूक कधीच येत नाही. ती येऊ शकते ती फक्त ९.३२ आणि ९.३३ या कलमांतून, म्हणजे स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतलं असताना.

ती कलमं तीन गोष्टी विचारतात. धोका प्राणघातक होता का? तो त्याच क्षणी होता का? आणि बळ वापरणं तातडीने आवश्यक आहे असं मानणं कोणाही समंजस माणसाला वाजवी वाटलं असतं का? चाकू उगारून दुसऱ्या मुलाच्या अंगावर धावणारा विद्यार्थी या कसोटीला उतरू शकतो. चाकू हातात धरून कोपऱ्यात रडत उभा असलेला नाही. ‘उद्या सगळ्यांना बघून घेतो’ म्हणणारा तर नाहीच. नुसत्या शब्दांवरून बळ वापरता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. ज्युरी तुमच्या जागी उभं राहून विचार करते हे खरं, पण ती हेही विचारते की हा मुलगा तुम्हाला ओळखत होता, तुम्ही त्याला ओळखत होतात, मग बोलून, दार बंद करून, बाकीच्यांना बाहेर काढून काम झालं नसतं का? मागे हटण्याचं बंधन टेक्सासमध्ये नाही, तरी हे प्रश्न ज्युरीच्या खोलीत येतातच.

मागे हटण्याचं बंधन नसण्यालाही अटी आहेत. तिथे असण्याचा तुम्हाला हक्क हवा, तुम्ही डिवचलेलं नसावं, आणि तुम्ही स्वतः कुठला गुन्हा करत नसावं. लेखी परवानगीशिवाय शाळेत पिस्तूल ठेवणं हाच गुन्हा आहे. म्हणजे परवानगी नसलेल्या शिक्षिकेने खऱ्या हल्लेखोराला रोखलं, तरी कायद्याने दिलेलं हे विशेष संरक्षण तिच्या हातून निसटतं. स्वसंरक्षणाचा मूळ बचाव शिल्लक राहतो, आणि तो पुराव्यात आला की खोडून काढायची जबाबदारी सरकारी वकिलावरच असते. पण लढत अवघड होते, आणि बंदूक बाळगल्याचा आरोप वेगळा उभा राहतो तो राहतोच.

हल्लेखोर पळाला तर? धोका संपला की अधिकार संपला. मिसिसिपीतल्या पर्ल हायस्कूलमध्ये १ ऑक्टोबर १९९७ रोजी एका विद्यार्थ्याने दोन मुलींना ठार केलं. उपमुख्याध्यापकांनी आपल्या ट्रकमधून पॉइंट ४५ पिस्तूल आणलं आणि गाडीतून निसटू पाहणाऱ्या त्या मुलावर रोखून पोलीस येईपर्यंत त्याला धरून ठेवलं. त्यांनी गोळी झाडली नाही. कायद्याच्या दृष्टीने हा फरक प्रचंड आहे. रायफल घेऊन दुसऱ्या इमारतीकडे धावणारा माणूस अजूनही धोका आहे, त्याच्या पाठीवर झाडलेली गोळीही समर्थनीय ठरू शकते. शस्त्र टाकून कुंपणाकडे पळणारा धोका नाही. पळणाऱ्यावर गोळी झाडण्याबाबत १९८५ च्या टेनेसी विरुद्ध गार्नर निकालाने पोलिसांनाही मर्यादा घातल्या आहेत. तुम्हाला पोलिसांपेक्षा जास्त मोकळीक कुणी देणार नाही.

आणि वर्ग सोडून हल्लेखोराच्या शोधात जाणं? ९.३३ दुसऱ्याच्या रक्षणासाठी बळ वापरू देतं, त्यामुळे कॉरिडॉरमध्ये जाणं मुळात बेकायदा नाही. पण तुमच्या बोर्डाचे लेखी नियम ‘आपल्या वर्गाबरोबर राहा’ असं सांगत असतील आणि तुम्ही बाहेर पडलात, तर तुमच्या परवानगीची हद्द ओलांडली का, हा वाद उभा राहतो. माझं मत विचाराल तर दाराला कुलूप, मुलं भिंतीच्या आडोशाला आणि तुम्ही दाराच्या रोखाने, ही जागा कायद्यातही सर्वांत भक्कम आहे. त्या दारातून बळजबरीने आत येणाऱ्याचा हेतू काय, यावर कुठलीही ज्युरी फार वेळ घालवणार नाही.

बाहेर पडलात तर पोलिसांचाही धोका आहे. कोलोरॅडोतल्या अर्वाडा इथे जून २०२१ मध्ये एका नागरिकाने पोलिसाची हत्या करणाऱ्याला गोळ्या घालून थांबवलं, आणि नंतर आलेल्या पोलिसाने त्यालाच हल्लेखोर समजून ठार केलं. त्या पोलिसावर खटला झाला नाही. कायद्याने तुम्ही शंभर टक्के बरोबर असलात, तरी साध्या कपड्यांत हातात पिस्तूल घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तो बरोबरपणा वाचवत नाही.

नेम चुकल्याबद्दल तुम्ही विचारलंत, आणि सगळ्या प्रश्नांत मला हाच सर्वांत गंभीर वाटतो. टेक्सासच्या दंड संहितेत ९.०५ हे एक छोटं कलम आहे. हल्लेखोरावर बळ वापरणं पूर्ण समर्थनीय असलं, तरी ते वापरताना बेपर्वाईने निरपराध तिसऱ्याला इजा केली किंवा मारलं, तर त्या तिसऱ्यापुरतं ते समर्थन मिळत नाही. साधी चूक आणि बेपर्वाई यांत फरक आहे: धोका कळत असून दुर्लक्ष करणं म्हणजे बेपर्वाई. मुलांनी भरलेल्या कॉरिडॉरमध्ये, मागे कोण आहे ते न पाहता झाडलेल्या गोळ्या कुठल्या बाजूला पडतील हे सरकारी वकील ठरवेल, आणि मग खटला भरायचा का ते ठरवणारी ग्रँड ज्युरी. न्यूयॉर्कमध्ये २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट बिल्डिंगबाहेर दोन पोलिसांनी एका सशस्त्र माणसावर १६ गोळ्या झाडल्या, आणि रस्त्यावरचे नऊ जण जखमी झाले; सगळे पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी. ते रोज शस्त्र बाळगणारे लोक होते. टेक्सासने मार्शलसाठी आदळल्यावर फुटून विखुरणाऱ्या गोळ्यांची अट घातली ती याच काळजीपोटी.

पैशाची बाजू थोडक्यात. समर्थनीय बळ वापरणाऱ्याला टेक्सासमध्ये दिवाणी दाव्यापासूनही संरक्षण आहे. सरकारी शाळेच्या शिक्षकांना शिक्षण संहितेचं वेगळं संरक्षण आहे, पण विद्यार्थ्याला शिस्त लावताना केलेला अतिरेक किंवा हलगर्जीपणाने झालेली इजा त्यातून वगळली आहे. केंद्रीय नागरी हक्क कायद्याखालचा दावा त्याहून निराळा, कारण परवानगी देऊन डिस्ट्रिक्टने तुम्हाला सरकारच्या वतीने शस्त्र बाळगायला लावलेलं असतं. विमा कंपन्या हे ओळखून आहेत. कॅन्ससने २०१३ मध्ये शिक्षकांना शस्त्राची मुभा दिली, तेव्हा तिथल्या बहुतेक डिस्ट्रिक्टचा विमा उतरवणाऱ्या कंपनीने सशस्त्र कर्मचारी असलेल्या शाळांना विमा द्यायचं नाकारलं.

रोजचं सांभाळणं हाही कायद्याचाच भाग आहे. भरलेली बंदूक हलगर्जीपणे ठेवून ती सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती लागू देणं टेक्सासमध्ये गुन्हा आहे, आणि त्यातून कुणी गंभीर जखमी झालं किंवा मेलं तर तो क्लास ए मिसडिमिनर, म्हणजे फेलनीपेक्षा सौम्य गुन्ह्यांतली सर्वांत वरची श्रेणी, होतो. २०२३ मध्ये टेक्सासमधल्या एका छोट्या डिस्ट्रिक्टच्या सुपरिंटेंडेंटची, म्हणजे प्रमुखाची, बंदूक स्वच्छतागृहात राहिली आणि ती तिसरीतल्या मुलाला सापडली. यूटामध्ये २०१४ साली एका शिक्षिकेच्या पिस्तुलातून शाळेच्या स्वच्छतागृहातच गोळी सुटली. शाळेचं वर्ष लांब असतं, आणि त्यातल्या प्रत्येक दिवशी ते शस्त्र मुलांपासून हातभर अंतरावर असणार आहे.

हे सगळं टेक्सासपुरतं. ओहायोत २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सशस्त्र शिक्षकाला पोलिसाइतकं, म्हणजे ७०० तासांहून जास्त प्रशिक्षण हवं असं ठरवलं. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने ते २४ तासांवर आणलं. फ्लोरिडाने पार्कलंडच्या हायस्कूलमधल्या २०१८ च्या हत्याकांडानंतर १४४ तासांचा कार्यक्रम आखला, आधी निव्वळ वर्गात शिकवणाऱ्यांना वगळून आणि २०१९ पासून त्यांना सामावून. टेनेसीने २०२४ मध्ये ४० तास प्रशिक्षण आणि अनेकांच्या संमतीची अट घातली. यूटामध्ये परवानाधारकाला शाळेची वेगळी परवानगी लागत नाही. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये शाळेने इच्छा केली तरी सामान्य शिक्षकाला अशी परवानगी देता येत नाही. बदली किंवा स्थलांतर झालं की सगळा हिशेब नव्याने करावा लागतो.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तरी तो तुमच्या मनात असावा: शस्त्र स्वीकारलं आणि त्या दिवशी पाय गोठले तर? संविधानानुसार सरकारवर नागरिकाला खासगी हिंसेपासून वाचवण्याचं सर्वसाधारण बंधन नाही. १९८९ च्या डीशेनी निकालाने ते ठरवलं. पण पार्कलंडच्या शाळेत नेमलेल्या डेप्युटीवर, म्हणजे शेरीफच्या पोलिसावर, आत न गेल्याबद्दल, मुलांची देखभाल करणारा म्हणून दुर्लक्षाचा फौजदारी खटला चाललाच. जून २०२३ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. शिक्षक तर मुलांची देखभाल करणाराच असतो, त्यामुळे असा युक्तिवाद पुन्हा कुणी करणार नाही याची मी हमी देत नाही.

बोर्डाने तुम्हाला विचारलं, तर सही करण्याआधी इतकं लेखी मागा: परवानगी नेमकी कोणत्या कलमाखाली आहे, बळ वापरण्याचे नियम, शस्त्र कुठे आणि कसं ठेवायचं, विम्याच्या पॉलिसीत सशस्त्र कर्मचारी वगळलेले नाहीत याचं पत्र, आणि फौजदारी चौकशी झाली तर तुमच्या वकिलाचा खर्च कोण देणार याचा करार. घटना घडलीच तर पोलिसांना ओळख, धोका कुठून होता आणि जखमी कुठे आहेत एवढं सांगून वकील मागा. डिस्ट्रिक्टने नोकरीचा धाक घालून जबाब घेतला, तर १९६७ च्या गॅरिटी निकालानुसार तो फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. पण तो सक्तीने घेतला गेला हे दाखवता आलं पाहिजे, म्हणून तसा हुकूम आधी लेखी घ्या आणि वकील शेजारी असल्याशिवाय बोलू नका.